शक्तिमान परतला आणि घरात तीन तट पडले

प्रश्न : माझा मुलगा ‘शक्तिमान’ बघत मोठा झाला. रविवारी दुपारी बाराला दिवे गेले की घरात प्रळय व्हायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुकेश खन्ना पुन्हा तोच पोशाख घालून आले, तर त्याला फार वाईट वाटलं. सून खूश झाली. नातू पोट धरून हसला. मागे ‘फास्टर फेणे’ सिनेमाच्या वेळीही असंच झालं होतं, तेव्हा नाराज मी होतो आणि मुलगा खूश. चांगल्या गोष्टीला नवं रूप दिलं की एकाच घरात एवढी वेगवेगळी मतं काहून पडतात? आणि नातवाला आधी काय दाखवावं, जुनं की नवं?
— एक आजोबा, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आजोबा, तुमच्या घरचं भांडण जगभर चालू आहे आणि त्यात मोठमोठ्या मंडळींनी एकमेकांवर लेख लिहिलेत. तेव्हा संकोच नको.

आधी शक्तिमानचं बघू. १९९७ मध्ये दूरदर्शनवर तो आला आणि २००५ पर्यंत राहिला. ‘महाभारत’मधले भीष्म म्हणून घराघरांत पोचलेले मुकेश खन्ना त्याचे नायकही आणि निर्मातेही, दिग्दर्शन दिनकर जानींचं. ‘आज की आवाज’ या वर्तमानपत्रात खालमानेनं वावरणारा, पुढे आलेल्या दातांचा गंगाधर आणि गरगर फिरत आकाशात जाणारा शक्तिमान हे एकच. गंगाधरचं ते लांबलचक नाव तुमच्या मुलाला आजही तोंडपाठ असेल, विचारून बघा. ही विज्ञानकथा म्हणायची का, यावर काटेकोर लोक नाक मुरडतील, कारण त्याची शक्ती योगसाधनेतून आणि पंचमहाभूतांतून आलेली. पण समोर कोण होतं? प्रयोगशाळेत बसून भलतेसलते प्रयोग करणारा डॉ. जैकाल. ऋषी आणि शास्त्रज्ञ, मंत्र आणि यंत्र एकाच भागात. तुमच्या नागपुरात रमण विज्ञान केंद्राचं तारांगण त्याच वर्षी, म्हणजे १९९७ मध्येच सुरू झालं. शनिवारी शाळेच्या सहलीबरोबर तारांगणात मान वर करून ग्रह पाहायचे आणि रविवारी कुंडलिनी जागी करून उडणारा माणूस पाहायचा, यात त्या पोरांना काही विसंगत वाटलं नाही. मलाही वाटत नाही. आठव्या वर्षी सगळं शक्यच असतं.

इतकं शक्य, की शक्तिमान येऊन वाचवेल म्हणून मुलांनी जिवावरचे खेळ केल्याच्या बातम्या तेव्हा छापून आल्या आणि खुद्द मालिकेतून मुलांना समजावण्याची पाळी आली. भागाच्या शेवटी येणारा उपदेशाचा तो छोटा धडा आठवतो ना? दात घासा, खोटं बोलू नका, रस्त्यावर कचरा टाकू नका. आईवडील या मालिकेला चालू देत, त्याचं निम्मं श्रेय त्या धड्याला द्यायला हवं.

आता एक गंमत लक्षात घ्या. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं हीच मालिका पुन्हा दाखवली. तेव्हाही चित्रांकन तितकंच कच्चं होतं, दोऱ्या तितक्याच दिसत होत्या, खलनायक किल्विषचं हसू तितकंच लांब होतं. कोणी तक्रार केली नाही. उलट ‘रामायण’, ‘महाभारत’ आणि शक्तिमान यांनी घरात अडकलेल्या लोकांचा तो उन्हाळा काढून दिला. मग साडेचार वर्षांनी शाळेतल्या मुलांसमोर, स्वातंत्र्यसेनानींच्या तसबिरींपुढे देशभक्तीचं गाणं म्हणणारा तोच माणूस, तोच पोशाख आला, तेव्हा लोक का बिथरले?

कारण जुना भाग पुन्हा लागतो तेव्हा आपण आपलं लहानपण बघत असतो आणि लहानपणाला कोणी गुण देत नाही. नवा भाग मात्र आजच्या दिवसाकडे जागा मागतो. मग आपण त्याला आजच्या मापानं मोजतो. खन्ना तेव्हा ६६ वर्षांचे होते. तुमच्या मुलाच्या मनातला शक्तिमान चाळिशीच्या पलीकडे कधी गेलाच नव्हता, त्यामुळे पडद्यावर त्याला वय दिसलं, आणि खरं सांगायचं तर स्वतःचंही. सुनेला ओळखीचा माणूस धडधाकट परत आल्याचा आनंद झाला. नातवाला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याला चकाकणाऱ्या कपड्यातले एक आजोबा गाणं म्हणताना दिसले. तो हसणार नाही तर काय करणार? तिघांचंही बरोबर आहे. पुढच्या सिनेमातल्या शक्तिमानची जागा अडवायला मी आलेलो नाही, असा खुलासा खन्नांना नंतर करावा लागला, यावरून गोंधळ किती झाला असेल ते कळतं.

हा सिनेमा म्हणजे दुसरं प्रकरण. फेब्रुवारी २०२२ मध्ये सोनी पिक्चर्सनं शक्तिमानवर मोठा चित्रपट करण्याची घोषणा केली. नायक म्हणून रणवीर सिंगचं नाव चर्चेत आलं आणि २०२४ मध्ये खन्नांनी त्याला जाहीर विरोध केला. इथे भांडण दोन मालकांचं आहे. कागदावरचा मालक एक आणि रविवारी दुपारी बाराला टीव्हीसमोर बसून ज्यानं तो नायक आपला केला तो दुसरा. ‘मिस्टर इंडिया’चंही तसंच. १९८७ च्या त्या अदृश्य माणसाच्या सिनेमावर २०२० मध्ये नव्या तीन भागांची घोषणा झाली, तेव्हा मूळ दिग्दर्शक शेखर कपूर यांनी आपल्याला कोणी विचारलंसुद्धा नाही म्हणून उघड नाराजी दाखवली. कायद्यानं विचारायला हवं होतं की नाही, हा वकिलांचा प्रश्न. पण आपल्यापैकी बहुतेकांना ते वाचून कपूरांचीच बाजू घ्यावीशी वाटली.

आता तुमच्या दुखऱ्या जागेकडे येतो, फास्टर फेणेकडे. तो विज्ञानकथेचा नायक नव्हे, पण त्याला जन्म देणारे भा. रा. भागवत हे मराठी मुलांना ज्यूल व्हर्न वाचायला लावणारे गृहस्थ होते. ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ ही त्यांनी मराठीत आणलेली व्हर्नची पुस्तकं. तेव्हा फेणेला आपण विज्ञानकथेच्या घरातला जवळचा नातेवाईक समजू.

फुरसुंगीचा बनेश फेणे. पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, काडीपैलवान, सायकलवर सुसाट, आणि काही सुचलं की जिभेनं टाळूवर ‘ट्टॉक’ करणारा. त्याची वीस पुस्तकं आली. १९८७ च्या सुमारास दूरदर्शनवर मालिका झाली, तिच्यात छोटा सुमीत राघवन फेणे होता, आणि तेव्हाही ‘आमचा फेणे असा नाही’ म्हणणारे होतेच. मग ऑक्टोबर २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला. रितेश देशमुख निर्मात्यांपैकी एक. अमेय वाघ फेणे, गिरीश कुलकर्णी खलनायक आणि खुद्द भा. रा. भागवतांच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर. लेखकालाच गोष्टीतलं पात्र करून त्याच्या घरी फेणेला पाहुणा म्हणून उतरवायचं, ही कल्पना मला फार आवडली. त्यात माया होती. पण हा फेणे शाळकरी राहिला नव्हता. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरणाबांड मुलगा होता आणि समोर परीक्षेच्या घोटाळ्यातली खुनशी टोळी होती.

चित्रपट चालला, गाजला. तरुणांना आवडला. पन्नाशी-साठीतले बरेच वाचक तुमच्यासारखे खट्टू झाले. मी चित्रपट दोनदा पाहिला, दोन्ही वेळा रंगून पाहिला, आणि तरीही तुमची तक्रार मला पटते. मात्र तुम्ही जे कारण देत असाल (चौकटीचा शर्ट, सायकल, ट्टॉक) ते खरं कारण आहे असं मला वाटत नाही. त्या खुणा दिग्दर्शकानं सांभाळल्या होत्या. गेलं ते वय. फेणेच्या गोष्टी चालतात त्या एका गोष्टीवर : त्याला सगळं आधी कळतं आणि मोठी माणसं त्याचं ऐकत नाहीत, कारण तो पोरगा आहे. त्याच्याजवळ पैसे नाहीत, ओळख नाही, गाडी चालवायचा परवाना नाही. म्हणून सायकल, म्हणून डोकं. तो अठरा-एकोणीस वर्षांचा झाला की ती अडचण संपते, आणि मग उरतो तो हुशार तरुण. तसे हुशार तरुण सिनेमात पुष्कळ आहेत. भागवतांनी स्वतः त्याला काळाबरोबर हिंडवलं, चीनच्या युद्धाच्या पार्श्वभूमीवरही नेलं, पण मिसरूड फुटू दिली नाही. हे त्यांनी विसरून केलं नसणार.

म्हणजे एकीकडे शक्तिमानमध्ये काहीच बदललं नाही म्हणून लोक हसले आणि दुसरीकडे फेणेचं वय बदललं म्हणून लोक रुसले. मग माणसानं करावं तरी काय? बाहेरची दोन उदाहरणं देतो, त्यांत उत्तराचा बराच भाग आहे.

पहिलं अमेरिकेतलं. १९७८ मध्ये तिथे ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ नावाची मालिका आली. यंत्रमानवांच्या हल्ल्यातून वाचलेली थोडीशी माणसं जहाजांच्या तांड्यातून पृथ्वी शोधत निघतात, अशी कथा. वर्षभरच चालली, पण भक्त कायमचे झाले. तिच्यात अपोलोचं काम करणारे रिचर्ड हॅच यांनी पुढे कित्येक वर्षं ही मालिका परत यावी म्हणून धडपड केली. पदरचा पैसा घालून एक झलकफीतही बनवली. आणि २००३ मध्ये मालिका परत आली ती रोनाल्ड मूर यांनी मुळापासून बदललेली. यंत्रमानव आता हुबेहूब माणसासारखे दिसत होते, शेजारी बसलेला कोण ते कळत नव्हतं. स्टारबक नावाचा सिगार ओढणारा रंगेल वैमानिक आता बाई झाला होता. जुने स्टारबक डर्क बेनेडिक्ट यांनी संतापून लेखच लिहिला. हॅचही आधी विरोधातच होते. मग त्यांनी नवी संहिता पाहिली, एक वेगळीच भूमिका स्वीकारली आणि अनेक वर्षं ती केली. मालिकेला पीबॉडी पुरस्कार मिळाला आणि २००९ मध्ये तिच्यातल्या प्रश्नांवर बोलायला तिच्या मंडळींना थेट संयुक्त राष्ट्रांच्या इमारतीत बोलावलं गेलं. सगळ्यांत दुखावलेला माणूस सगळ्यांत आधी वळला, हे मला त्यातलं विशेष वाटतं. त्याला मालिका जिवंत हवी होती. स्वतःची खुर्ची गेली तरी चालणार होती. बेनेडिक्टना खुर्ची हवी होती.

दुसरं जपानमधलं. मार्च १९५४ मध्ये अमेरिकेनं बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि त्या राखेत एक जपानी मासेमारी नौका सापडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इशिरो होंडांचा ‘गॉडझिला’ पडद्यावर आला. अणुस्फोटानं जागा झालेला राक्षस टोकियो तुडवतो. दोनच वर्षांत अमेरिकेनं त्याची स्वतःसाठी वेगळी आवृत्ती केली, रेमंड बर हा अमेरिकी नट मध्ये घुसवला आणि बॉम्बविषयीची तिखट वाक्यं बोथट केली. जगातल्या पुष्कळ लोकांचा ‘मूळ’ गॉडझिला म्हणजे हा दुरुस्त केलेला गॉडझिला! १९९८ च्या हॉलिवूडच्या गॉडझिलावर तर जपानी लोक इतके नाराज झाले की मूळ कंपनीनं पुढे त्या प्राण्याला ‘झिला’ म्हणून वेगळं काढलं. त्याच्या नावातला देवच काढून घेतला म्हणा ना. पण २०१६ च्या ‘शिन गॉडझिला’मध्ये तो परत आला तो फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतरच्या जपानमध्ये. राक्षस शहरात शिरलाय आणि अधिकारी एका बैठकीतून उठून दुसऱ्या बैठकीला बसताहेत, कोणत्या कलमाखाली कारवाई करायची यावर खल चालू आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाची सवय असलेल्या माणसाला हा सिनेमा समजावून सांगावा लागणार नाही. २०२३ चा ‘गॉडझिला मायनस वन’ पुन्हा युद्धानंतरच्या उद्ध्वस्त जपानमध्ये गेला आणि ऑस्कर घेऊन आला.

गॉडझिलाचा आकार, चेहरा, शेपटी सगळं बदललं. टिकली ती भीती. त्या त्या वेळी लोक ज्याला भीत होते ते त्याच्या अंगात होतं, आणि जिथे ते नव्हतं तिथे नुसता मोठा सरडा उरला. नव्या रूपाविषयी भांडताना मी तरी हेच बघतो : जुन्या गोष्टीचा जीव कुठे होता आणि नव्या माणसाला तो सापडला का. पोशाख, संवाद, पार्श्वसंगीत या गोष्टी नंतरच्या. २०२४ च्या शक्तिमानकडे पोशाख होता. १९९७ मध्ये खासगी वाहिन्या नुकत्या घरात शिरत होत्या, आणि ‘मुलांच्या हाती हे काय लागणार’ या आईबापांच्या धास्तीला तो उत्तर होता. आज तीच धास्ती नातवाच्या हातातल्या फोनविषयी आहे. नव्या शक्तिमानला तिथे काही काम दिलं असतं, तर ६६ वर्षांचं वय कोणी मोजलं नसतं असं माझं मत आहे.

अर्थात सगळंच गोष्टीच्या गुणावर ठरत नाही. मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की माणसाला आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त आणि ठळक आठवतात. तुमचा फेणे आणि तुमच्या मुलाचा शक्तिमान त्या काळाच्या उंबरठ्यावर भेटले. तिथे जे बसलं ते ‘खरं’, बाकी सगळं नक्कल. सिनेमा काढणाऱ्या कंपन्यांना हे पुरतं ठाऊक आहे. ओळखीच्या नावावर पहिल्या आठवड्याची तिकिटं हमखास जातात, नवं नाव रुजवायला वेळ आणि पैसा लागतो. त्यामुळे ही पुनरागमनं थांबणार नाहीत, तुम्ही कितीही रुसलात तरी.

नातवाचं विचारलंत. शक्तिमान आधी दाखवू नका. त्याचा वेग आजच्या मुलाला सोसणार नाही आणि त्याच्या हसण्यानं तुमच्या मुलाला पुन्हा लागेल. फेणेचं पुस्तक आधी द्या, सिनेमा नंतर. पुस्तकातला फेणे त्याच्याच वयाचा आहे. मग सिनेमा बघून तो म्हणाला, ‘आबा, हा तर मोठाच आहे’, तर तुमच्या बाजूनं एक मत वाढलं. म्हणाला, ‘हाच भारी’, तर जावयाला दाखवतो तसा हसरा चेहरा ठेवा.

प्रश्न : परदेशात विज्ञानकथांचे नायक पन्नास-पन्नास वर्षं परत परत येतात. आपल्या मराठी विज्ञानकथेतला एकही का येत नाही? आपल्याकडे परत आणण्यासारखं कोणी नाही का?
— अकरावीची विद्यार्थिनी, वर्धा

उत्तर : आहे, पण नायक नाही. मराठी विज्ञानकथा वाढली ती मासिकांत, दिवाळी अंकांत आणि मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांमध्ये, म्हणजे लघुकथेच्या अंगानं. लघुकथेत एक कल्पना येते, स्फोट करते, संपते. पात्रं त्या कल्पनेच्या सेवेला. पुढच्या अंकात नवी कल्पना, नवी माणसं. परत यायला तोंडओळख झालेला माणूस लागतो, तो आपण फारसा घडवलाच नाही.

बाकी परक्याची गोष्ट घेऊन तिला नवं रूप देणं आपल्याला मुळीच नवं नाही. आपली विज्ञानकथा सुरूच झाली तशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘केरळ कोकिळ’ मासिकात व्हर्नची चंद्रयात्रा ‘चंद्रलोकची सफर’ म्हणून क्रमशः आली. स्वतंत्र म्हणता येईल अशी श्री. बा. रानड्यांची ‘तारेचे हास्य’ त्यानंतरची. पुढे १९७४ मध्ये विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी केलेली, आणि हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहून काढली त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी या कथाप्रकाराची दखल घेतली आणि विज्ञानकथेला साहित्याच्या पंगतीत पाट मिळाला. तुमच्या विदर्भाचाही यात वाटा आहे : परतवाड्यात जन्मलेल्या अरुण साधूंनी ‘विप्लवा’ ही विज्ञान कादंबरी लिहिली. त्यांच्याच ‘सिंहासन’ या कादंबरीच्या गडबडीत ती मागे पडली. मिळाली तर वाचा.

परत आणण्यासारखं एकच निवडायला सांगितलं, तर मी नारळीकरांची ‘वामन परत न आला’ निवडीन. जमिनीखाली खोल सापडलेल्या पेटीतून एका लुप्त, आपल्यापेक्षा पुढारलेल्या संस्कृतीचं ज्ञान हाती लागतं, त्यातून वामन नावाचा बुद्धिमान यंत्रमानव उभा राहतो, आणि तो आपल्यासारखे आणखी घडवायच्या खटपटीला लागतो. कृत्रिम बुद्धिमत्तेवर रोज वाद घालणाऱ्या आजच्या प्रेक्षकाला यातलं काय समजावून सांगावं लागेल? काहीच नाही. यंत्रं बदला, शहर बदला, शास्त्रज्ञांमध्ये बाया आणा, पेटी हवी तर विदर्भातल्या कोळशाच्या खाणीत सापडू द्या. माझी ना नाही. फक्त शेवट नावातच सांगून ठेवलेला आहे. पुढचा भाग काढायच्या सोयीसाठी कोणी वामनला परत आणला, तर निर्मात्याला जाणारं पहिलं रागाचं पत्र माझं असेल.